खळ्यातली डिमिटर

शेताच्या बांधावर किंवा गावाच्या वेशीवर शेंदूर फासून पुजल्या जाणाऱ्या जुन्या मूर्ती संग्रहालयात हलवाव्यात की जागीच राहू द्याव्यात, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो. केंब्रिजमध्ये राहून तो वाचताना मला इथल्या फिट्झविल्यम संग्रहालयातील, चेहरा झिजलेली एक संगमरवरी स्त्रीमूर्ती आठवते.

ही मूर्ती अथेन्सजवळच्या एल्युसिसची. धान्यदेवता डिमिटरची कन्या पर्सेफनी पाताळातून परतली की धरणी पुन्हा हिरवी होते, अशी ग्रीकांची श्रद्धा होती आणि या मायलेकींचे गूढविधी एल्युसिसलाच होत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ते बंद पडले. गावाची देवी मात्र टिकली. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी तिथे पोहोचला, तेव्हा ही मूर्ती जवळजवळ डोक्यापर्यंत शेणखताच्या ढिगात उभी होती. ती अनास्था नव्हती. शेत पिकते ते हिच्याच कृपेने, म्हणून शेतात टाकायचे खत गावकरी आधी तिच्याभोवती रचत. क्लार्कने तुर्की अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला आणि गावाचा विरोध मोडून तिला जहाजावर चढवले. हे जहाज बुडणार, असे गावकरी म्हणाले होते; ते इंग्लंडच्या किनाऱ्याशी खरोखरच फुटले, मूर्ती तेवढी वाचली. देवी गेल्यापासून पीक घटले, असे गावकऱ्यांनी पुढे एडवर्ड डॉडवेल या दुसऱ्या प्रवाशाला सांगितले.

गंमत अशी की अभ्यासकांच्या मते ही डिमिटर नव्हेच. ती देवळाच्या प्रवेशद्वारावरची, डोक्यावर पवित्र करंडा घेतलेली सेविका आहे. आपल्याकडेही वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला, म्हसोबा मानल्याचे दाखवून गावाचा हक्क निकालात काढणारे विद्वान भेटतात. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण ओळख चुकली तरी शतकानुशतकांचा सांभाळ खोटा ठरत नाही.

मूर्तिचोरीचा धोका खरा आहे, हे मान्य करूनही हलवणे हा शेवटचा उपाय असावा. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये जागेवरच उतरवला गेला आणि मूळ रूप दिसू लागले. ती मूर्ती कड्यातच कोरलेली असल्याने हलवण्याचा प्रश्नच नव्हता, हे खरे. पण सुट्या मूर्तींचेही मोजमाप, छायाचित्रे आणि नोंद गावातच करता येते, आणि त्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत व दुसरी पुरातत्त्व खात्याकडे ठेवायला कोणाचीच हरकत नसावी.