जेलसी, घरचे आणि तिसरा माणूस: कट्ट्यावर झालेलं भांडण

काल कट्ट्यावर चांगलंच वाजलं आणि ते लिहून काढावंसं वाटलं, कारण पॉलिअ‍ॅमरी (म्हणजे सगळ्यांना माहीत असताना, सगळ्यांच्या संमतीने एकाच वेळी एकापेक्षा जास्त प्रेमाची नाती) म्हटलं की लोक एकतर फिदीफिदी हसतात नाहीतर नाक मुरडतात, धड बोलत कोणीच नाही. नावं कोणाचीच टाकत नाहीये, आणि जिचं आहे तिला विचारूनच लिहितोय.

तर आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण, लग्न झालंय, आणि नवऱ्याशिवाय तिचा अजून एक पार्टनर आहे, बरीच वर्षं आहे. नवऱ्याला सगळं माहितीये, दोघं एकमेकांना ओळखतात, गरज पडली तर एकमेकांना फोनही करतात. म्हणजे त्या तिघांत लपवाछपवी अजिबात नाही. बाहेर मात्र सगळी लपवाछपवीच आहे आणि भांडण तिथूनच पेटलं.

सुरुवात केली वकिलाने. (तो खरंच वकील आहे.) त्याचं म्हणणं असं की जेलसी म्हणजे निव्वळ मालकीहक्क, माणूस काय तुमची प्रॉपर्टी आहे का, ही भावनाच मनातून काढून टाकायला शिकलं पाहिजे, आणि मग त्याने ते कम्पर्शन सुरू केलं, म्हणजे आपल्या जोडीदाराला दुसऱ्या कोणाबरोबर सुखात बघून आपल्यालाही आनंद होणं. मैत्रीण एकदम उखडली. म्हणाली, "अरे तू आधी एकदा जगून बघ आणि मग लेक्चर दे. कम्पर्शन मलाही वाटतं, पण रोज सकाळी उठून नाही वाटत."

मग तिने जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सुरुवातीला नवऱ्याला रात्रींचा त्रास होईल असं तिने धरलं होतं, म्हणून कॅलेंडर केलं, कुठला दिवस कोणाचा, सगळं शेअर्ड. रात्रींचा त्याला काहीच त्रास झाला नाही. त्रास कशाचा झाला तर व्हॉइस नोटचा. ऑफिसमधून घरी येताना ती त्याला रोज लांबलचक व्हॉइस नोट पाठवायची, दिवसभरात काय झालं, कोण काय बोललं, मागे ट्रॅफिकचा आवाज वगैरे. नवीन नात्याच्या भरात त्या नोट्स कधी दुसरीकडे जायला लागल्या ते तिच्याही लक्षात आलं नाही. नवरा चिडचिड करायचा, भलत्याच गोष्टींवरून, भांडी, बिलं, काहीही. बऱ्याच दिवसांनी एकदाचं बोलला की "माझ्या नोट्स बंद का झाल्या?" नियम कॅलेंडरचे केले होते आणि दुखत भलतीकडेच होतं. त्या नोट्स परत सुरू झाल्या आणि तो हळूहळू शांत झाला.

म्हणून मी वकिलाला म्हटलं की बाबा जेलसी काढून टाकायची गोष्ट नाहीये, ऐकायची गोष्ट आहे. कधी ती वेळ कमी मिळतोय म्हणून असते, कधी तुलनेची भीती असते, आणि कधी समोरचा खरंच खोटं बोलत असतो, तेव्हा तर ती बरोबरच असते ना. सॅन फ्रान्सिस्कोला केरिस्टा नावाचा कम्यून होता, म्हणजे एकत्र राहणाऱ्या लोकांचा गट, १९७१ ते १९९१, कम्पर्शन हा शब्द त्यांच्याचकडून पसरला, झोपायचंसुद्धा रोटेशन होतं त्यांच्यात, आणि जेलसी वाटूच नये असा आदर्श. वीस वर्षांनी मोडलाच तो कम्यून. भावनेवर बंदी घातली की ती जात नाही रे, फक्त बोलायची बंद होते.

इथे आमचा डॉक्टर मित्र मध्ये पडला. तो म्हणाला तुम्ही जेलसीत अडकलात, मला होकाराचं बोला. त्याच्या ओळखीत एकीने या सगळ्याला हो म्हटलं ते फक्त नवरा सोडून जाईल या भीतीने, कमाई नाही, मुलं लहान, माहेरी आधार नाही, मग काय करणार. आणि नवरा सगळ्यांना सांगत फिरतो की आमच्यात सगळं संमतीने चाललंय. यावर सगळेच जरा गप्प झालो. माझं मत मी तिथेही सांगितलं आणि इथेही लिहितो, नाही म्हटल्यावर जिला घर, मुलं, पैसा सगळंच जायची भीती आहे तिचा होकार मी होकार धरत नाही, मग तुम्ही त्याला कितीही मॉडर्न नाव द्या. पूर्वी राजांना चार-चार राण्या होत्याच की, असंही कोणीतरी पुटपुटलं, पण त्या राण्यांना कोणी विचारलं होतं, आणि त्यांना दुसरा राजा करायची मुभा होती का? तो मुद्दा तिथेच संपला.

वकील ऐकेना. त्याने सार्त्र आणि सिमोन द बोव्हार हे फ्रेंच विचारवंत काढले. १९२९ पासूनचा त्यांचा करार, एकमेकांशी पक्कं नातं, बाकी नाती मोकळी, आणि दोघांत सगळं खरं सांगायचं. मी म्हटलं हो, पण बियांका लांब्लँचं काय? बोव्हारची विद्यार्थिनी, शाळकरी वयाची, दोघांशीही तिचं नातं जुळलं आणि १९४० मध्ये दोघांनीही तिला बाजूला सारलं. पुढे बोव्हारची पत्रं छापली गेली तेव्हा तिला कळलं की आपल्याबद्दल पाठीमागे काय काय लिहिलं जात होतं, मग १९९३ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तिने आपली बाजू मांडली. दोघांमधलं सगळं पारदर्शक आणि तिसरी अंधारात. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त काळजी या तिसऱ्या माणसाची वाटते. जोडपं आधीपासूनचं असतं, नियम तेच करणार, व्हेटो त्यांच्याकडेच, आणि नंतर आलेल्याने ते निमूट मानायचे.

वंडर वूमन ही कॉमिकमधली नायिका निर्माण करणारा विल्यम मार्स्टन घ्या. घरात बायको एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न, दोघींना त्याच्यापासून दोन-दोन मुलं. एलिझाबेथ नोकरी करायची, ऑलिव्ह चारही मुलांचं बघायची, १९४७ मध्ये तो वारला तरी दोघी पुढची कित्येक वर्षं एकत्रच राहिल्या. म्हणजे प्रेम होतं, निष्ठा होती, कष्ट होते. पण ऑलिव्हच्या मुलांना आपला खरा बाप कोण हे मोठं होईपर्यंत सांगितलं नव्हतं. बाहेरच्या जगाला तोंड द्यायचं म्हणून घरातल्याच पोरांशी खोटं. त्याची किंमत कोणी मोजली?

मैत्रीण तेव्हा बोलली. मागे तिचं ऑपरेशन झालं. आयसीयूच्या दारात नर्सने विचारलं, पेशंटचे कोण? नवरा पुढे झाला, आई पुढे झाली, आणि पार्टनरबद्दल आईच बोलून गेली, "तो तिच्या ऑफिसमधला आहे." तिच्या आईला खरं माहीत होतं हे लक्षात घ्या. तो काहीच बोलला नाही, खाली पार्किंगमध्ये गाडीत रात्रभर बसून राहिला, नवरा दर तासाला मेसेज करून कळवत होता. "त्याने आजपर्यंत एकदाही तक्रार केली नाही," ती म्हणाली, "आणि मला तेच सहन होत नाही."

डॉक्टर म्हणाला, हॉस्पिटल तरी काय करणार, फॉर्मवर रकानाच नसतो. खरंय. अमेरिकेत सॉमरव्हिल नावाचं शहर आहे, जून २०२० मध्ये कोव्हिडच्या काळात त्यांनी डोमेस्टिक पार्टनरशिपचा, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना जोडीदार म्हणून मान्यता द्यायचा नियम केला, मसुद्यात दोन व्यक्ती असं होतं, एका नगरसेवकाने विचारलं दोनच का, कोणाकडे नीट उत्तर नव्हतं, मग ती अटच काढली. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कोर्टाने २०१८ मध्ये एकाच मुलाचे तीन कायदेशीर पालक मान्य केले, दोघे पुरुष आणि एक बाई, तिघं एकत्र नात्यात. पण असं किती ठिकाणी आहे? बहुतेक जगात तिसऱ्याला कागदावर जागाच नाही, म्हणून निदान घरच्यांनी तरी जागा द्यावी एवढंच माझं म्हणणं.

आता आमचा भाविक मित्र. तो इतका वेळ ऐकत होता, आणि मला त्याचा फार आदर वाटला कारण तो गुळमुळीत काही बोलला नाही. म्हणाला, "माझ्या श्रद्धेप्रमाणे लग्न म्हणजे एकाच माणसाला दिलेला शब्द, मला हे बरोबर वाटत नाही आणि तुम्ही कितीही उदाहरणं दिलीत तरी वाटणार नाही." मैत्रीण म्हणाली, "मी कुठला शब्द मोडला सांग. जो दिला तो पाळतेय. दोघांनाही." तो म्हणाला, "मोडला नाहीस, मान्य. फसवलं नाहीस, मान्य. तरी मला पटत नाही." मग वकील त्याच्या अंगावर गेला, मागासलेला वगैरे, आणि खरं सांगतो मला तेव्हा वकिलाचाच राग आला. न पटणं आणि तुच्छ लेखणं यात फरक आहे. न पटणाऱ्याशी नातं ठेवता येतं, पटलंय असं दाखवून ऑफिसमधला म्हणून ओळख करून देणाऱ्याशी जास्त अवघड जातं.

शेवटचा वाद सासूबाईंवरून. त्यांना अजून काहीच माहीत नाही. वकील म्हणे सांगायची गरजच काय, तुमचं खासगी आयुष्य, उगाच म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर. डॉक्टर कुंपणावर. मी म्हटलं सांग, पण परवानगी मागायला जाऊ नकोस, परवानगी मागितलीस तर त्या नाही म्हणणार आणि मग तुझ्याकडे पर्याय काय राहतो? बातमी म्हणून सांग. रडतील, महिनोन्महिने बोलणार नाहीत, तेही धरून चाल. मैत्रिणीच्या आईलासुद्धा कुठे एका दिवसात जमलं, तिचा पहिला प्रश्न नीतीचा नव्हताच, "लोकांना काय सांगू" हाच होता, आणि हॉस्पिटलात अगदी तेच झालं. म्हणून लोकांना काय सांगायचं ते वाक्यसुद्धा आपणच तयार करून न्यावं असं मला वाटतं.

नवरा तयार आहे, आईसमोर तोच आधी बोलणार. आणि सोबत कोण जाणार तर भाविक मित्र. सासूबाई त्याला फार मानतात. तो म्हणाला, "मी येतो. मला हे पटत नाही हेही त्यांना सांगेन, आणि ही कोणाशी खोटं वागलेली नाही हेही सांगेन." मैत्रिणीने लगेच हो म्हटलं. वकिलाला अजूनही हा मूर्खपणा वाटतोय, जाताना पण तेच बडबडत होता, पण रविवारी जायचं ठरलंय.