नायगमवाला कोण, असं परीक्षकांनी विचारलं!

आज भाचीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ‘भारतीय शास्त्रज्ञ’. पोरगी खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवालांवर बोलली. परीक्षक म्हणाले, “नावाजलेल्या माणसावर बोलायचं होतं, बाळ.” बक्षीस नाही. घरी येऊन दप्तर भिरकावलं आणि मला म्हणाली, “मावशी, तूच सांगितलं होतंस ना त्यांच्याबद्दल?”

हो, मीच सांगितलं. मला आजीने सांगितलं होतं, आजीला तिच्या सासूने. आमचं गाव जेऊरजवळ. २२ जानेवारी १८९८ ला तिथे खग्रास ग्रहण लागलं. घराघरात दारं लावून, पाण्यात तुळशीपत्र टाकून माणसं बसलेली. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या. कडी काढून पळाल्या आणि माळावर तंबू बघितले. भर दुपारी चांदण्या दिसल्या आणि एक पारशी साहेब नळकांड्यापाशी उभा होता, एवढंच त्या मरेपर्यंत सांगत. ते नायगमवाला होते, हे मला फार उशिरा कळलं.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये त्यांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. वीस इंची दुर्बीण, देशातली सर्वांत मोठी! मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातले सुटे केलेले रंग, तपासला आणि ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरच्या मार्गदर्शनाने काम सुरू केलं, त्यांच्याच सिद्धांताला न जुळणारी निरीक्षणं छापली. गुलाम देशातल्या माणसाने! आणि १९१२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सरकारने वेधशाळाच बंद केली. दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेला. एक माणूस निवृत्त होतो आणि सगळं कुलूपबंद? त्यांच्या जागी दुसरा कुणी नेमावा, असं कुणालाच वाटलं नाही?

मान्य, पुण्याच्या वेधशाळेसाठी पैसे भावनगरच्या महाराजांनी दिले तसे सरकारनेही दिले. कोडाईकनालची हवाही आकाशासाठी चांगली, तेही मान्य. पण पुण्याचं काय राहिलं?

आणि इंग्रज जाऊनही किती वर्षं झाली. आज पोरीचे गुण कापणारे इंग्रज नव्हते, आपलेच होते. त्याचाच जास्त राग येतोय.

आता ती झोपली आहे. झोपताना तिने विचारलं, सासूबाईंना मार बसला का गं कडी काढल्याबद्दल? आजीने ते कधी सांगितलंच नाही. रविवारी तिला जेऊरला नेणार आहे. तो माळ कुठला, ते गावात कुणा म्हाताऱ्याला ठाऊक असेल तर बघू.