अभंग संतांचे, ध्वनिमुद्रण कोणाचे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

संतांच्या अभंगांवर हक्क सांगणारे आपण कोण, आणि खानापूरकडच्या भजनी मंडळाला बेळगावच्या कोर्टाचे हेलपाटे परवडतील का, असे दोन प्रश्न आपण, भजनी मंडळांनी आपल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क जपावेत अशा आशयाच्या माझ्या लेखावर, विचारले आहेत.

अभंगांवर कोणाचाच हक्क नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना सर्वांना खुली होते, आणि तुकोबांना वैकुंठाला जाऊन पावणेचारशे वर्षे लोटली. मात्र त्याच अभंगाला कोणी नवी चाल बांधली, तर चाल त्याची. गायक-वादकांना कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क असतो. आणि ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. कायद्याच्या लेखी निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. आपली मंडळे नेमकी येथेच अडकतात. गावातला एखादा हौशी गृहस्थ स्टुडिओचे भाडे भरतो, पखवाजवाल्याची बिदागी देतो, कागद मात्र कोणीच करीत नाही, आणि पुढे चोरी उघडकीस आली की तक्रार कोणी करायची यावरूनच आपसांत वाद सुरू होतो.

कोर्टाविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या मंडळाची काकड आरती एका अनोळखी यूट्यूब चॅनलवर दिसली. सुरुवातीला बुवा मंडळाचे नाव घेतात, तेवढा भाग कापलेला होता. परंतु आमच्या पेटीची एक पट्टी चिकटते. दुसऱ्या चरणानंतरचा तिचा लांबलेला सूर तिथेही जसाच्या तसा ऐकू येत होता. (त्या पट्टीला मी वर्षभर नावे ठेवली होती.) यूट्यूबच्या तक्रार अर्जात दोन्ही दुवे आणि मिनिट-सेकंद भरले, आणि काही दिवसांत ती चोरलेली चित्रफीत तिथून निघाली. वकील लागला नाही. तरीही आपली शंका निराधार नाही. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे लेखी तक्रारीनंतर संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर रोखायचा असला, तरी २१ दिवसांत कोर्टाचा आदेश सादर न झाल्यास तो पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणजे समोरचा हटून बसला, तर कोर्टाची पायरी चढावीच लागते.

मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून दिली जाणारी गाणी रोखण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. गाणे पसरले की कार्यक्रमांच्या सुपाऱ्या मिळतात, हे आपलेही म्हणणे खरे आहे. फक्त मंडळाचे नाव आरंभी न घेता शेवटच्या गजरात गुंफावे, म्हणजे ते सहज कापता येत नाही.

मूळ लेखात कॉपीराइटची नोंदणी 'आवश्यक' असल्याचे मी लिहिले होते, ती माझी चूक. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. नोंदणी पुराव्यापुरती कामाची. तसेच यूट्यूबच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेवर फार विसंबू नये, कारण तिच्यासाठी ध्वनीवर एकट्याचाच हक्क असावा लागतो, आणि अनेकजण वापरतात ते तयार तबला-लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे आयते तबल्याचे तुकडे) त्यात बसत नाहीत.

आषाढीपूर्वी आपले मंडळ ध्वनिमुद्रण करणार असल्याचे आपण लिहिले आहे. त्याआधी निर्माता कोण, चाल कोणाची आणि उत्पन्नाची वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. प्रत्येक वाद्याच्या मूळ फाइली त्याच दिवशी पेनड्राइव्हवर आणाव्यात. जागा भरली की स्टुडिओवाले जुने काम पुसून टाकतात.