व्याज नको, नफा चालतो
लेखात 'इस्लामी बँकेत पैसे फुकट वापरायला मिळतात' असं लिहिलंय, तेवढं दुरुस्त करा. रिबा म्हणजे व्याज हराम आहे, व्यापारातला नफा नाही. मुराबहा नावाच्या व्यवहारात बँक आधी गाडी स्वतः विकत घेते, मग ठरलेला नफा लावून हप्त्यांनी तुम्हाला विकते. तुम्हाला विकण्याआधी गाडी आपटली तर नुकसान बँकेचं. आता नफ्याचा दर बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच लावतात, ही टीका खुद्द मुसलमान अर्थतज्ज्ञच करतात, ती गोष्ट वेगळी.

मी कोकणात बँकेच्या काउंटरवर होतो. एक चाचा पासबुक भरून घेतलं की व्याजाच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारायचे. तेवढे पैसे काढून गरजूला द्यायचे, तेही सवाबाची म्हणजे पुण्याची अपेक्षा न ठेवता. जकातीत, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या दानात, हे पैसे धरायचे नाहीत. ती वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशावर अडीच टक्के, अलग. 'मग बिनव्याजी करंट खातं का नाही काढत?' विचारलं तर हसले, 'त्यात लागते तेवढी किमान शिल्लक कोण ठेवणार रे बाबा?'

२००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय गुंडाळला.