खुनी कोण हे वकिलाला कळलं, तेव्हा खटला निम्म्यावर आला होता

व्हिक्टोरियन काळातल्या उमरावाच्या घरातला खून म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धुकं, बग्ग्या, मृत्युपत्रावरून भांडणारे पुतणे आणि शेवटच्या पानावर सापडणारा खुनी येतो. १८४० च्या लॉर्ड विल्यम रसेल खून खटल्यात यातलं फारसं काही नाही. खुनी तर इतका सरळ आहे की एखाद्या कादंबरीकाराने तो खोडून टाकला असता. खाजगी नोकर! तरीही हा खटला माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण खुनी नाही, त्याचा वकील आहे.

लंडनच्या मेफेअरमध्ये नॉरफोक स्ट्रीटवर चौदा नंबरच्या घरात म्हातारे विधुर लॉर्ड विल्यम राहायचे. वय ७२. बेडफोर्डच्या ड्यूक घराण्यातले, मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांचे सख्खे काका. रात्री घरात माणसं किती? मालक, एक मोलकरीण, एक स्वयंपाकीण आणि कुर्व्हाझिए नावाचा तेवीस वर्षांचा स्विस नोकर. त्याला कामावर लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. ६ मेच्या सकाळी मोलकरीण खाली आली तर सामान विस्कटलेलं, चोरायच्या वस्तूंचं गाठोडं बांधून तिथेच टाकलेलं. वर मालक बिछान्यात, गळा चिरलेला.

चोर गाठोडं बांधतो आणि विसरून जातो? पोलिसांना तिथेच शंका आली. मागच्या दारावरच्या खुणाही आतून केल्यासारख्या होत्या. पुढे नोकराच्या कामाच्या खोलीत भिंतीलगतच्या लाकडी पट्टीमागे अंगठ्या आणि सोन्याची नाणी सापडली. पण घरातली चांदी गायब होती, आणि खून त्यानेच केला हे काही सिद्ध होत नव्हतं. उलट आधी झडती घेतलेल्या त्याच्या पेटीत नंतर रक्ताचे डाग पडलेले हातमोजे निघाले! बक्षिसाच्या लोभाने पोलिसांनीच ते ठेवले, असं बचावाचे वकील चार्ल्स फिलिप्स म्हणत होते. ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखंही होतं.

खटला सुरू असतानाच पिओलेन नावाच्या हॉटेलवाल्या बाई पुढे आल्या. ओळखीच्या कुर्व्हाझिएने ठेवायला दिलेलं पुडकं त्यांनी उघडलं, तर आत रसेलांची चांदी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्व्हाझिएने फिलिप्सना सांगून टाकलं, खून मीच केला. मग गुन्हा कबूल करणार ना? नाही साहेब, तुम्ही माझा बचाव शेवटपर्यंत करायचा.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

फिलिप्सनी न्यायाधीश पार्क यांचा सल्ला घेतला आणि वकीलपत्र सोडलं नाही. माझ्या मते बरोबर केलं. आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करायचा हक्क मिळून तेव्हा चारच वर्षं झाली होती (१८३६ चा कायदा). आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येत नव्हती. ती मुभा थेट १८९८ मध्ये आली. म्हणजे वकील उठून गेला तर त्या माणसाच्या बाजूने बोलणार कोण? आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांतही आरोपी दोषी आहे की नाही याबद्दलचं स्वतःचं मत बाजूला ठेवून बचाव करा, असंच सांगितलंय.

पण भाषणात ते मोलकरणीकडे संशयाचं बोट वळवत आहेत असं लोकांना वाटलं, आणि खून कोणी केला हे एक देवच जाणे अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या तोंडून गेलं. इथे मात्र मी त्यांच्याबरोबर नाही. पुरावा अपुरा आहे म्हणा, पोलिसांची उलटतपासणी करून त्यांना घाम फोडा, सगळं मान्य. पण ज्या बाईचा काही दोष नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तिच्या गळ्याभोवती शंकेचा दोर कशाला? तिचा वकील कोण होता?

बचाव फसला. ६ जुलैला न्यूगेट तुरुंगाबाहेर हजारोंच्या गर्दीसमोर फाशी झाली. बघ्यांमध्ये कादंबरीकार डिकन्स होते, थॅकरेही होते. फिलिप्सच्या मागचं शुक्लकाष्ठ मात्र सुटलं नाही. १८४९ मध्ये, नऊ वर्षांनी, जुना आरोप पुन्हा उकरला गेला आणि त्या भल्या माणसाला वर्तमानपत्रात पत्र छापून खुलासा करावा लागला, की मी त्या मोलकरणीवर आळ घेतलाच नव्हता.