कॉलेजात बसवलेली पोस्ट आणि राहून गेलेला एक्स-रे

"डेंटल कॉलेजात जाऊ नका, तिथं शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात" असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. पोस्ट अँड कोअरबद्दल असेल तर हमखास. काही वर्षं कॉलेजात शिकवलंय, आता तालुक्याच्या गावात दवाखाना आहे, त्यामुळे ही कामं दोन्ही बाजूंनी बघितलीत. पोरांच्या पोस्ट बिघडतात, नाही असं नाही. पण त्या हातामुळे कमी आणि भीतीमुळे जास्त बिघडतात.

दातांच्या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडक्यात. रूट कॅनाल झालेल्या दाताचा वरचा भाग फारच गेलेला असेल तर कॅप बसायला आधार उरत नाही. मग कॅनालमध्ये फायबरची किंवा धातूची बारीक काडी बसवतात, तीच पोस्ट. तिच्यावर कोअर, म्हणजे कॅपखालचा गाभा, उभा करतात आणि त्यावर कॅप. पोस्टमुळे दात मजबूत होतो हा समज पेशंटचाच नाही, कित्येक डॉक्टरांचाही आहे. तसं काही होत नाही. ती फक्त कोअर धरून ठेवते. उलट तिच्यासाठी आतून जेवढं जास्त कोरावं तेवढं मूळ कच्चं होतं.

नियम व्हायव्हात सगळेच घडाघडा म्हणतात. मुळाच्या टोकाशी ४-५ मिमी गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा मसाला) ठेवायचा, पोस्ट निदान कॅपच्या उंचीइतकी लांब, जाडी मुळाच्या एक तृतीयांशाच्या आत, हिरडीच्या वर चारी बाजूंनी दीड-दोन मिमी धड दात. आता वरचा लॅटरल, म्हणजे समोरच्या मधल्या दाताशेजारचा दात, घ्या. मूळ सरासरी १३ मिमी. टोकाचे साडेचार सोडले तर हातात साडेआठ उरतात आणि कॅपची उंची जवळजवळ तेवढीच. म्हणजे गणित कसंबसं बसतं. त्यात या दाताचं मूळ टोकाला वळलेलं असतं. इंटर्न पीझो रीमर (कॅनाल कोरायचं ड्रिल) घेऊन आत जाते आणि सहा मिमीवर थांबते. "सर, पर्फोरेट होईल असं वाटलं." तिचं चूक म्हणता येत नाही. मूळ भोकसलं तर आख्ख्या डिपार्टमेंटला कळतं. पोस्ट आखूड राहिली तर त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. पेशंट खूश, जर्नलवर सही, केस पूर्ण.

कळतं ते पुढे. पोस्टसकट कॅप कागदाच्या पुडीत बांधून पेशंट माझ्याकडे येतो. जुना एक्स-रे जवळ असलाच तर त्यात पोस्ट आणि गटापर्चा यांच्यामध्ये काळी फट स्पष्ट दिसते. आणि ती फट म्हणजे जंतूंना मोकळं रान.

यावरचा उपाय महाग नाही. सिमेंट करण्याआधी पोस्ट नुसती आत ठेवून एक एक्स-रे काढायचा. आखूड असेल तर अजून दोन मिमी पुढे जाता येतं, फट असेल तर बुजवता येते. पण एक्स-रेसमोर रांग, पेशंटला गावची एसटी गाठायची, सरांना पुढची बॅच. मग फोटो निघतो तो सिमेंट घट्ट झाल्यावर. तो पोस्टमॉर्टेमच झाला की!

दुसरी गोष्ट कोट्याची, आणि यावर मला शिव्या पडतील. इतक्या केसेस भरल्याशिवाय सुटका नाही म्हटलं की पोरं पोस्ट शोधायला लागतात. ज्या दाढेच्या भिंती शाबूत आहेत, जिथे पल्प चेंबरच्या (दाताच्या आतल्या पोकळीच्या) आधारावर कोअर आरामात उभा राहतो, तिथेही काडी जाते. विद्यार्थ्याने एक्स-रे दाखवून "इथे पोस्टची गरज नाही, कारण असं असं" म्हटलं, तर तीसुद्धा एक केस धरून सही द्यायला काय हरकत आहे?

कॉलेजात जाणाऱ्यांनी बिनधास्त जा. तिथे कामावर निदान दुसऱ्या कुणाची नजर तरी असते, आमच्या दवाखान्यात तीही नाही. फक्त खुर्चीत बसल्यावर विचारा, "पक्की करायच्या आधी एक्स-रे काढणार ना?" पोरं चिडत नाहीत. उलट सरांना बोलवायला त्यांना कारण मिळतं.