खुलासा : पऱ्हाटीच्या राखेने करंजाच्या तेलाचे डिझेल होत नाही

सध्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरतोय. करंजाच्या तेलात पऱ्हाटीची राख ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी पंपाला डिझेल तयार. राख ‘हरित उत्प्रेरक’ असल्याने धोका काहीच नाही.

राखेबद्दलचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते उत्प्रेरकाचे काम करू शकते. पण उत्प्रेरक फक्त क्रियेचा वेग वाढवतो. बायोडिझेल व्हायला तेलाची मिथेनॉल या विषारी अल्कोहोलशी क्रिया व्हावी लागते, आणि निरोपात नेमके तेच गाळले आहे.

कुणी पुढे जाऊन मिथेनॉल आणेल, ही मला खरी भीती आहे. ते पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची वाफ ११-१२ अंशांनाच पेट घेण्याइतकी सुटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो. दिवसा मिथेनॉलची ज्योत धड दिसतही नाही. चुलीजवळ, गोठ्यात हा प्रयोग अजिबात करू नका.

शिवाय करंजाच्या तेलात मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलातली सुटी आम्ले, बरीच असतात. त्यात राखेसारखा अल्कधर्मी पदार्थ पडला की साबण होतो. असले घट्ट, राखमिश्रित तेल इंजिनात घातले तर नोझल चोंदलेच म्हणून समजा.

‘हरित’चा अर्थ कमी कचरा, कमी टप्पे; धोका नाही असा नव्हे. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध पूर्वी सहा टप्प्यांत बनायचे, नव्या उत्प्रेरकी पद्धतीत तीन टप्पे पुरतात. त्या पद्धतीतही हायड्रोजन फ्लोराइडसारखे जहाल द्रव्य बंदिस्त यंत्रणेतच हाताळावे लागते.